दुकान उघडताना अडलं की वाढवताना? जुन्या विंडोजची दुखणी ओळखायची कशी

ओळखीचा एक छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं अशी कामं चालतात. तिथला कॉम्प्युटर दर सोमवारी सकाळी रुसायला लागला. बटण दाबलं की जरा वेळ चालणार, मग निळा पडदा, मग आपोआप पुन्हा सुरू, पुन्हा निळा पडदा. मंगळवार ते शनिवार मात्र काही तक्रार नाही. दोन सोमवार दुरुस्तीवाला आला, आत काहीतरी करून मशीन चालू करून गेला आणि जाताना म्हणाला, ‘विंडोज १० बंद झालंय ना आता, त्यामुळे होतंय. पुढच्या वेळी फॉरमॅट मारावं लागेल.’ म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचं. तिसऱ्या सोमवारी मालकांनी मला फोन केला.

सोमवारच्या या दुखण्याकडे शेवटी येऊ. आधी ते ‘बंद झालंय’ प्रकरण निकाली काढू.

विंडोज १० ‘बंद’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. म्हणजे सुरक्षेतल्या नव्या फटी बुजवणारे अपडेट नेहमीसारखे येणं थांबलं. सोसायटीचा रखवालदार नोकरी सोडून गेला, तर चोरीची धास्ती वाढते. पण त्या दिवसापासून घरातले नळ गळायला लागत नाहीत. तसंच हे. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, तरी दोन्ही आजही कुठे ना कुठे चालू आहेत. तुमचं मशीन सकाळी उठत नसेल, तर त्याचं कारण मायक्रोसॉफ्टच्या कॅलेंडरात शोधू नका.

‘मग नवं का घेत नाही?’ हा प्रश्न छापखान्यात विचारून बघा. पानं मांडायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची ७ वी आवृत्ती २००१ ची, आणि ती शेवटचीच ठरली. वीस वर्षांचा मजकूर जुन्या मराठी फॉन्टांमध्ये टाइप केलेला, तो युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत, उघडला की गिचमिड दिसते. फॉन्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे मशीनला खोचून ठेवायची परवान्याची किल्ली, लागते. प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी निघालेलाच नाही. शिवाय विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर त्याला चालत नाहीत. तेव्हा २०१२ चा धडधाकट डबा दारातच अडतो. जुनं मशीन सांभाळणारा माणूस कंजूष असतो असं नाही, बऱ्याचदा त्याचं कामच त्या मशीनमध्ये अडकलेलं असतं.

शटर, दिवाबत्ती, मग गिऱ्हाईक

कॉम्प्युटर सुरू होणं ही एक क्रिया वाटते, पण ती दुकान उघडण्यासारखी रांग आहे. आधी शटर वर जातं, मग दिवे लागतात, मग गोदामाची किल्ली निघते, नोकर कामाला लागतात, आणि मग गिऱ्हाईक आत येतं. पहिलं झाल्याशिवाय दुसरं होत नाही.

बटण दाबल्यावर एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना झेपेल अशी करून देणारी पेटी, करंट सोडते. मग जागा होतो बायोस. बायोस म्हणजे मदरबोर्डवरच कोरलेला छोटा प्रोग्रॅम. त्याला विंडोजशी देणंघेणं नसतं. नव्या मशीनमध्ये त्याच्या जागी यूईएफआय असतो, पण लोक दोघांनाही बायोसच म्हणतात. तो रॅम (चालू कामाची मेमरी), कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क जागेवर आहेत का बघतो आणि डिस्कवरून ‘बूट मॅनेजर’ला हाक मारतो. बूट मॅनेजर विंडोजचा गाभा उचलतो. गाभ्यासोबत येतात ड्रायव्हर: प्रिंटर, डिस्क, साउंड अशा एकेका भागाशी विंडोजचं बोलणं करून देणारे दुभाषे. त्यानंतर सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे गुपचूप राबणारे प्रोग्रॅम. मग पासवर्डची खिडकी. आणि सगळ्यात शेवटी, घड्याळाशेजारी गर्दी करणारी आपोआप सुरू होणारी मंडळी.

आता बिघाड झाला की बहुतेक जण पडद्यावर काय लिहून आलं ते वाचतात आणि घाबरतात. मी आधी विचारतो: शेवटचं नीट काय झालं? पंखा फिरला का? कंपनीचं नाव दिसलं का? विंडोजची खिडकी दिसली का? पासवर्ड मागितला का? जिथवर रांग नीट आली, त्याच्या पुढचा माणूस गैरहजर आहे. संदेशातले शब्द कधी कधी चकवतात, वेळ सहसा चकवत नाही. मोबाइलने पडद्याचा फोटो काढून ठेवला तर फारच उत्तम, कारण दुरुस्तीवाला येईपर्यंत ‘काहीतरी एरर होता’ एवढंच आठवतं.

विंडोजचं नावही दिसलं नाही तर

मग विंडोजला दोष देऊच नका, ते अजून उठलेलंच नाही. इथे फॉरमॅट मारणं म्हणजे शटर अडकलं म्हणून गोदाम रिकामं करण्यासारखं.

दिवाच लागत नसेल तर आधी भिंतीतला बोर्ड, एक्स्टेंशन, यूपीएस आणि मागची वायर बघा. हसू नका, निम्मी ‘मेलेली’ मशीन सैल वायरीने मेलेली असतात. पंखा फिरतो आणि दोन सेकंदांत थांबतो, असं झालं तर संशय एसएमपीएसवर किंवा मदरबोर्डवर. झाकण उघडून बॅटरीच्या सेलसारखे दिसणारे छोटे कपॅसिटर बघा. त्यांचं वरचं टोक सपाट हवं. फुगलेलं किंवा ओघळलेलं असेल तर तो भाग बदलायला द्या. एसएमपीएसची पेटी मात्र स्वतः उघडायची नाही, प्लग काढल्यावरही तिच्या पोटात धक्का देण्याइतकी वीज साठलेली राहू शकते.

पंखा फिरतो, स्क्रीन काळी, आणि आतून बीप-बीप येतं? तो बायोस बोलतोय. स्क्रीन चालू व्हायच्या आधी त्याच्याकडे दुसरी भाषा नसते. किती बीप म्हणजे काय, हे बायोस बनवणाऱ्या कंपनीनुसार बदलतं, म्हणून मदरबोर्डच्या पुस्तिकेतच बघावं. जुन्या मशीनमध्ये तक्रार बहुधा रॅमची निघते. कोकणात आणि मुंबईच्या पावसाळ्यात दमट हवेने रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ चढतो आणि स्पर्श तुटतो. प्लग काढा, धातूच्या कॅबिनेटला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, रॅमची पट्टी काढून सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने हलकेच पुसा, भुकटी झटका, आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. हा गल्लीतल्या दुरुस्तीवाल्यांचा तोडगा आहे आणि तो खरोखर चालतो.

मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरीही असते, सीआर २०३२. नावातच माप आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, आणि ३ व्होल्टची. मशीन बंद असताना तारीख-वेळ आणि बायोसमधल्या निवडी ती जिवंत ठेवते. ती संपली की घड्याळ मागे जातं, आणि मग एक गमतीशीर त्रास होतो: इंटरनेट चालू असूनही बँकेची साइट ‘तुमचं कनेक्शन खासगी नाही’ म्हणते. साइटच्या ओळखपत्राला मुदत असते आणि तुमच्या मशीनच्या मते अजून ती सुरूच झालेली नसते. आधी तारीख बघा, नंतर नेटवाल्याला फोन करा.

काळ्या पडद्यावर इंग्रजीची एकच ओळ

‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’, ‘नो बूटेबल डिव्हाइस’, ‘बूटएमजीआर इज मिसिंग’, आणि एक्सपीवर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’. सगळ्यांचा मथितार्थ एकच: बायोसने हाक मारली, पलीकडून ओ आली नाही.

पहिलं काम, लावून ठेवलेला पेनड्राइव्ह काढा. बायोस त्यातच विंडोज शोधत बसलेला असू शकतो. फ्लॉपीच्या काळातही हेच व्हायचं, फक्त तेव्हा ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ अशी ओळ यायची. तरी जमलं नाही तर बायोसमध्ये शिरा (सुरू होताना डिलीट किंवा एफ२, कंपनीनुसार) आणि डिस्कचं नाव यादीत दिसतं का बघा. इथे रस्ता दोन दिशांना फुटतो. नाव दिसतंय, तर डिस्क जिवंत आहे आणि तिच्यावरची विंडोजची मांडणी बिघडली आहे. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवलं की बरेचदा सावरतं. नाव दिसतच नसेल, तर केबल सैल आहे किंवा डिस्कच गेली आहे.

हार्ड डिस्कमधून ठराविक लयीत ‘टिक्-टिक्’ येत असेल तर तिथेच थांबा. पुन्हापुन्हा सुरू करून बघण्याचा मोह आवरा. प्रत्येक प्रयत्नाबरोबर डेटा परत मिळण्याची शक्यता कमी होते.

डिस्क दिसतेय पण विंडोज उठत नाही, अशा वेळी दुरुस्तीच्या आधी फाइली बाहेर काढा. उबंटूसारखं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी फुकट प्रणाली, पेनड्राइव्हवरून, मशीनमध्ये न टाकताही चालवता येतं. त्यातून ‘सी’ ड्राइव्ह उघडून पत्रिकांचे, हिशेबांचे फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घ्या. ‘चेकडिस्क’ हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम त्यानंतरच. मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क म्हणजे आजारी माणसाला तपासणीसाठी चार जिने चढायला लावणं.

निळा पडदा: ब्रेक कोणी मारला?

निळा पडदा म्हणजे विंडोज ‘उडालं’ अशी समजूत आहे. प्रत्यक्षात विंडोजने स्वतःहून मारलेला तो करकचून ब्रेक असतो. गाभ्यात किंवा ड्रायव्हरमध्ये अशी गडबड झाली, की पुढे गेलं तर डेटा नासेल, म्हणून ते जागीच थांबतं आणि कारणाचं एक नाव किंवा आकडा दाखवतं. (विंडोज ११ मध्ये २०२५ साली हा पडदा काळा झाला, पण बोलीभाषेत तो निळाच राहील असं दिसतं.)

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट सोडला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगभरातल्या ८५ लाख विंडोज मशीनवर निळा पडदा आला. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, त्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्या गोंधळात शिकण्यासारखं हे, की त्या मशीनचे भाग धड होते आणि विंडोजही धड होतं. सुरू होताना लवकर जागा होणारा एक ड्रायव्हर एक चुकीची फाइल वाचत होता, आणि प्रत्येक वेळी तिथेच ठेच लागत होती. इलाज काय केला? सेफ मोडमध्ये जायचं, ती फाइल पुसायची, पुन्हा सुरू करायचं.

सेफ मोड म्हणजे अत्यावश्यक ड्रायव्हर तेवढे घेऊन उठणं. बंदच्या दिवशी अर्ध्या शटरने, घरच्या दोन माणसांनी दुकान चालवावं तसं. सेफ मोडमध्ये मशीन सुरळीत चाललं तर विंडोजचा गाभा बहुधा शाबूत आहे आणि दोषी बाहेरचा आहे: नवा ड्रायव्हर, नवा अँटिव्हायरस, नवा प्रिंटर.

विंडोज ७ पर्यंत सुरू होताना एफ८ दाबत राहिलं की सेफ मोडची यादी यायची. विंडोज ८ पासून ही वाट मुळात बंद ठेवलेली आहे, कारण विंडोज इतकं झटपट उठायला लागलं की बोट टेकवायलाही फुरसत उरली नाही. आता शिफ्ट दाबून ‘रिस्टार्ट’ करायचं, मग ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’, पुन्हा रिस्टार्ट, आणि यादीत ४. विंडोज उठतच नसेल तर? विंडोजची खूण दिसताक्षणी बटण दाबून धरून बंद करा. असं लागोपाठ दोन-तीनदा झालं की ते स्वतःच दुरुस्तीचा पडदा पुढे करतं. बटण दाबून बंद करणं एरवी वाईट, इथे तोच दरवाजा आहे.

पासवर्डनंतर उगवणाऱ्या डब्या

‘अमुक डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी जोडफाइल) सापडत नाही’ अशी छोटी डबी रोज सकाळी येते, ‘ओके’ दाबलं की जाते, बाकी सगळं ठीक. हा त्रास दिसायला मोठा आणि असायला फुटकळ. शाळेचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. पोरगं शाळा सोडून गेलं, पण नाव पटावर राहिलं; मास्तर रोज नाव पुकारतात आणि रोज ‘गैरहजर’ लिहितात. बरेचदा अँटिव्हायरसने व्हायरसची फाइल पुसलेली असते, आणि ती फाइल सुरू करा असं सांगणारी नोंद तशीच राहते. म्हणजे डबी येते तीच मुळात चांगली बातमी.

इंटरनेटवरून ती डीएलएल फाइल शोधून आणू नका. पटावर नाव आहे म्हणून रस्त्यावरचं कुठलंही पोरगं वर्गात आणून बसवण्यासारखं ते होईल. नाव खोडायचं. विंडोज ८ आणि १० मध्ये टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावर, विंडोज ७ मध्ये ‘एमएसकॉन्फिग’मध्ये. तिथे नोंद मिळाली नाही तर मायक्रोसॉफ्टचंच ‘ऑटोरन्स’ हे फुकट अवजार सगळी बिळं दाखवतं.

सुरू होतं पण रडतखडत, किंवा अधूनमधून हँग होतं, अशा वेळी ‘क्लीन बूट’ करून बघा. एमएसकॉन्फिगमध्ये ‘सर्व्हिसेस’चं पान उघडा, ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’वर आधी खूण करा (हे विसरलात तर भलतंच बंद कराल), आणि उरलेल्या बंद करा. त्रास थांबला? मग निम्म्या चालू करून रिस्टार्ट. त्रास परतला तर चोर या निम्म्यांत, नाही तर त्या निम्म्यांत. १६ सर्व्हिस असतील तर ८, ४, २, १ अशा चारच फेऱ्यांत सापडतो. एकेक तपासत बसलं तर दुपार जाईल.

‘वाढवणं’ म्हणजे नुसतं बंद करणं नव्हे

मराठी दुकानदार दिवसाअखेर दुकान ‘बंद केलं’ म्हणत नाही, ‘वाढवलं’ म्हणतो. त्यात अपशकुन टाळण्याचा भाग आहेच, पण वाढवणं हे एक कामही आहे: गल्ला मोजायचा, वही लिहायची, माल आत घ्यायचा, नोकरांना सोडायचं, मग कुलूप. ‘शटडाउन’चंही असंच. विंडोज प्रत्येक उघड्या प्रोग्रॅमला विचारतं, ‘निघू का?’ उत्तर आलं की पुढच्याकडे. मग सर्व्हिसना थांबायला सांगतं. विंडोज ७ मध्ये त्यांना १२ सेकंदांची मुदत होती, ८ पासून ५ सेकंद. मग मेमरीत राहिलेलं डिस्कवर लिहून टाकतं, ड्रायव्हरना निरोप देतं आणि शेवटी वीज तोडतं.

ही शेवटची पायरी पूर्वी माणसाकडे होती. विंडोज ९५ चा तो काळा पडदा आणि नारिंगी अक्षरं ज्यांना आठवत असतील त्यांना आठवतील: आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही. जुन्या एटी पद्धतीच्या एसएमपीएसला साधा खटका असायचा, सॉफ्टवेअरच्या हाती वीज तोडणं नव्हतं. एटीएक्स पद्धत आली आणि ते काम विंडोजकडे गेलं, त्याबरोबर नवी दुखणीही आली. विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर बंद होताना अडकण्याच्या इतक्या तक्रारी होत्या, की मायक्रोसॉफ्टला केवळ शटडाउनसाठी वेगळी पुरवणी काढावी लागली.

आज काय दिसतं? ‘हा प्रोग्रॅम बंद होऊ देत नाही’ असं म्हणून यादी आली, तर घाईने ‘शटडाउन एनीवे’ दाबू नका. ‘कॅन्सल’ करून बघा. बहुधा सेव्ह न केलेली फाइल किंवा मागे दडलेली ‘सेव्ह करू का?’ची खिडकी असते. ‘मेमरी कुड नॉट बी रीड’ ही एक्सपीच्या काळातली प्रसिद्ध डबी अजून येते. निघताना एखाद्या प्रोग्रॅमने आधीच आवरून ठेवलेलं सामान पुन्हा उचलायला हात घातला, एवढाच त्याचा अर्थ. डबीच्या वर ज्या प्रोग्रॅमचं नाव आहे तो अद्ययावत करा किंवा काढा.

‘शटिंग डाउन’वर पाच-दहा मिनिटं नुसतं चक्र फिरत राहणं हे जास्त चिवट दुखणं. तिथे संशय ड्रायव्हरवर. यूएसबीला लावलेलं सगळं, म्हणजे प्रिंटर, स्कॅनर, डोंगल, वायफायचा खडा, एकेक काढून शटडाउन करा. ज्याच्याविना सुरळीत होतं त्याचा ड्रायव्हर निरोप घ्यायला नकार देतोय. हाच प्रकार टोकाला गेला तर ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ म्हणत निळा पडदा येतो. मात्र पडद्यावर अपडेटची टक्केवारी असेल तर थांबा. जुन्या हार्ड डिस्कवर तासभर लागू शकतो. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे.

‘रोज रात्री बंद करतो, तरी दोष जात नाही’

कारण ते बंद होतच नाही. हे वाक्य मी सांगतो तेव्हा लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. शटडाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण गाभा आणि ड्रायव्हर आहेत त्या अवस्थेत डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवले जातात. सकाळी नव्याने मांडामांड न करता तीच फाइल परत मेमरीत भरायची, म्हणून झटपट सुरू होतं. दुकानदाराने माल आत न घेता वर चादर टाकून घरी जावं, तसं. काल वाकडा बसलेला ड्रायव्हर आज सकाळी तसाच वाकडा. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर ‘अप टाइम’ बघा. काल रात्री बंद केलेलं मशीन कित्येक दिवस जागं असल्याचं तिथे दिसेल.

‘रिस्टार्ट’ मात्र सगळं खरोखर आवरून नव्याने मांडतं. म्हणून ‘रिस्टार्ट मारून बघ’ हा सल्ला ‘बंद करून चालू कर’ यापेक्षा वेगळा आहे, आणि सरस आहे.

जुन्या ड्रायव्हरच्या मशीनवर मी फास्ट स्टार्टअप काढूनच टाकतो. कंट्रोल पॅनेल, ‘पॉवर ऑप्शन्स’, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबायची आणि ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’वरची खूण काढायची. सकाळी थोडे सेकंद जास्त लागतील. तेवढ्यात चहा येतो.

बटण दाबून धरलं तर काय बिघडतं?

एकदा दाबलंत तर बहुधा काही नाही. विंडोजची फाइल मांडण्याची पद्धत, एनटीएफएस, प्रत्येक फेरफाराची आधी कच्ची नोंद ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी मांडणी सावरते. पण ती मांडणी सावरते, तुमच्या पत्रिकेतला अर्धवट लिहिलेला मजकूर नाही. आणि अपडेट चालू असताना वीज गेली तर विंडोजच्याच फाइली अर्धवट राहू शकतात. लोडशेडिंगच्या गावात यूपीएस ही चैन नव्हे, आणि यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते हे बिल आल्यावरच आठवतं.

नेमकं कधी काय झालं, याची वही विंडोज स्वतः लिहितं. ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून ‘सिस्टिम’च्या नोंदींत आकडे शोधा: ६००५ म्हणजे नोंदवही उघडली, ६००६ म्हणजे रीतसर मिटली, ६००८ म्हणजे मागच्या वेळी न मिटता गेली. १०७४ मध्ये कोणी, कुठल्या प्रोग्रॅमने बंद करायला सांगितलं ते सापडतं. ‘कर्नल-पॉवर ४१’ बघून लोक एसएमपीएस बदलायला धावतात. ती नोंद फक्त ‘काल मी नीट बंद झालो नव्हतो’ एवढंच म्हणते, कारण सांगत नाही. इतकं किचकट नको असेल तर ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ उघडा. तारखेवार लाल फुल्या दिसतात आणि कुठल्या दिवसापासून बिघडलं ते नजरेत भरतं. त्या दिवशी काय नवं टाकलं होतं, ते आठवायचं काम आपलं.

‘त्यापेक्षा फॉरमॅटच मारू की’

मारा, पण कारण कळल्यावर. विंडोजच्याच फाइली नासल्या असतील तर आधी घरगुती इलाज आहे. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडायचा आणि एसएफसी हा आदेश ‘स्कॅननाऊ’ जोडून द्यायचा. तो विंडोजच्या मूळ फाइली तपासून बिघडलेल्या बदलतो. त्याने हात टेकले तर विंडोज ८ पासून पुढे ‘डिझम’ हा आदेश ‘रिस्टोअर हेल्थ’सह चालवून पुन्हा एसएफसी. मागच्या आठवड्यातलं ‘सिस्टिम रिस्टोअर’, म्हणजे विंडोजने जपून ठेवलेली आधीची अवस्था, मिळालं तर त्याहून सोपं.

दोष रॅमचा किंवा डिस्कचा असेल, तर नवं विंडोजही त्याच खराब जमिनीवर उभं राहतं आणि महिन्याभरात तिथेच येतं. विंडोजमधलंच ‘मेमरी डायग्नोस्टिक’ रात्री लावून ठेवायला पैसे पडत नाहीत. उलट फॉरमॅटनंतर फॉन्टची डोंगल, पेजमेकरची सीडी, प्रिंटरचा तो कुठेही न मिळणारा ड्रायव्हर, सगळं पुन्हा जमवावं लागतं. दुरुस्तीवाल्याचा अर्धा तास वाचतो आणि तुमचे चार दिवस जातात.

जुन्या विंडोजवर राहायचंच असेल तर इंटरनेटचा प्रश्न वेगळा सोडवावा लागेल. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दिली, त्यासाठी नोंदणी करावी लागते. छापखान्याच्या मशीनला मात्र नेट हवंच कशाला? मजकूर दुसऱ्या मशीनवर घ्या, तपासा, पेनड्राइव्हने न्या.

आणि तो सोमवार

निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ होतं. म्हणजे बूट मॅनेजरने गाभा उचलला, आणि गाभ्याला स्वतःचीच डिस्क वाचता येईना. पण डिस्क मंगळवारी वाचता येत होती. मी मालकांना विचारलं, निळ्याच्या आधी काही दिसतं का?

‘नाही. म्हणजे ते एफ१ दाबायला सांगतं, ते आम्ही दाबतोच.’

ती ओळ मी नीट वाचली: सीमॉसमधल्या (बायोसच्या निवडी जपणाऱ्या जागेतल्या) नोंदी बिघडल्यात, मूळ निवडी लावतोय, पुढे जायला एफ१ दाबा. बायोस उघडला तर तारीख कित्येक वर्षं मागे, आणि डिस्कशी बोलण्याची पद्धत ‘एएचसीआय’च्या जागी जुनी ‘आयडीई’. विंडोज टाकलं होतं पहिल्या पद्धतीवर. दुरुस्तीवाला दर सोमवारी ती निवड परत लावत होता; ती मुळात का बदलते, हे त्याने विचारलं नव्हतं.

पण सोमवारीच का? मशीन बंद असलं तरी प्लग चालू असेल तर एसएमपीएस बारीकशी वीज सोडत राहतो आणि बायोसच्या निवडी त्यावर तग धरतात. बॅटरी संपल्याचं आठवडाभर कळतच नाही. शनिवारी रात्री मात्र, शॉर्टसर्किटची भीती म्हणून, मालक मेन स्विच पाडून घरी जायचे.

नवी बॅटरी मी कोपऱ्यावरच्या घड्याळाच्या दुकानातून आणली. तारीख लावली, एएचसीआय निवडलं, एफ१० दाबून जपून ठेवलं. पुढच्या सोमवारी मालकांचा फोन आलाच, पण प्रिंटरबद्दल.